चेहऱ्याच्या खाती जमा झालेले पितृत्व

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला जमा-नावेचा पहिला नियम नीट उमगण्यापूर्वीच एक नाव पाठ करावे लागते. ते नाव म्हणजे लुका पाचोली. आपल्याकडील पुस्तकांत ते बहुधा ‘पॅसिओली’ असे छापले जाते. उच्चाराचीही चौकशी करावी असे कोणाला वाटलेले नाही. ‘लेखाशास्त्राचा जनक’ ही पदवी या नावाला कायमची चिकटलेली आहे, आणि जेथे चित्र छापण्याची सोय असते तेथे शेजारी एका इटालियन धर्मसाधूचे चित्रही असते. राखाडी झगा, डोक्यावर झग्याचेच टोपडे, समोर हिरव्या कापडाने झाकलेले मेज आणि हातात दर्शक. विद्यार्थी एका गुणासाठी ते नाव लिहितो, पुढे सनदी लेखापाल होतो, कार्यालय थाटतो. परंतु त्या चित्राकडे निरखून पाहण्याचा प्रसंग त्याच्यावर आयुष्यात येत नाही.

तो यावयास हवा होता. कारण चित्र एक सांगते आणि चित्राखालची ओळ दुसरेच सांगते. हिशेबाच्या भाषेत बोलावयाचे तर मूळ पावती आणि वहीतील नोंद यांचा मेळ बसत नाही. असा मेळ बसत नसता ताळेबंदावर सही करणाऱ्या लेखापालाची सनद धोक्यात येईल. मात्र लेखाशास्त्राच्या इतिहासाचा ताळेबंद गेले शतक-दीड शतक अशाच सहीने संमत होत आला आहे.

मूळ चित्र नेपल्सच्या कापोदिमोन्ते संग्रहालयात आहे. त्यावर १४९५ हे वर्ष आहे. मेजामागे पाचोली उभा आहे. त्याचा डावा हात उघड्या ग्रंथावर टेकलेला आहे. तो ग्रंथ युक्लिडच्या भूमितीचा. उजव्या हातातील दर्शक समोरच्या पाटीवर टेकलेला असून पाटीवर वर्तुळाची आकृती आखलेली आहे, आणि पाटीच्या चौकटीवर युक्लिडचे नाव कोरलेले आहे. वरच्या बाजूस दोऱ्याने टांगलेली काचेची एक विलक्षण वस्तू आहे. अठरा चौकोन आणि आठ त्रिकोण अशा सव्वीस पृष्ठांची ती घनाकृती पाण्याने निम्मी भरलेली आहे. काच, पाणी आणि त्यांवर पडलेला प्रकाश चित्रकाराने ज्या सफाईने रंगवला आहे त्याला तोड नाही. उजवीकडे एक जाडजूड लाल ग्रंथ मिटून ठेवलेला आहे आणि त्यावर बारा पंचकोनांची लाकडी घनाकृती, म्हणजे द्वादशफलक, ठेवलेला आहे. पाचोलीच्या मागे उंची वस्त्रांतील एक तरुण थेट प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाहत उभा आहे. मेजावर कागदाचा एक चिठोरा रंगवला आहे, त्यावर चित्रकाराच्या नावाची आद्याक्षरे आणि वर्ष आहे, आणि चिठोऱ्यावर एक माशी बसलेली आहे. खरी वाटावी अशी.

आता या चित्रात तराजू कोठे आहे? नाण्यांची चळत कोठे आहे? व्यापाऱ्याची उघडी खतावणी कोठे आहे? काहीही नाही. हे भूमितीच्या आचार्याचे चित्र आहे. चित्र काढून घेणाऱ्याने आपल्याला जगाने कोणत्या रूपात ओळखावे हे पुरते ठरवले होते, आणि त्या रूपात हिशेबनीसाला जागा नव्हती. तो मिटलेला लाल ग्रंथ तेवढा अपवाद म्हणता येईल. त्याच्या कडेवर पाचोलीचे नाव संक्षिप्त अक्षरांत आहे, आणि तो त्याचा ‘सुम्मा’ हा ग्रंथ असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. ‘सुम्मा’ आदल्याच वर्षी, १४९४ मध्ये, व्हेनिसला छापला गेला होता. अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि व्यापारी गणित यांचा तो सुमारे ६०० पानांचा कोश. त्यांतील हिशेब लिहिण्याच्या पद्धतीचा भाग छत्तीस लहान प्रकरणांचा, जेमतेम २७ पानांचा. म्हणजे लेखाशास्त्र या चित्रात असलेच तर ते मिटलेल्या ग्रंथाच्या पोटात आणि द्वादशफलकाच्या ओझ्याखाली आहे!

चित्राभोवतीची अनिश्चितता हाही स्वतंत्र विषय आहे. चिठोऱ्यावरील आद्याक्षरांवरून हे चित्र याकोपो दे बारबारी याचे मानले जाते. परंतु त्याच चिठोऱ्यावर चित्रकार वीस वर्षांचा असल्याचा उल्लेख आहे आणि बारबारीचे वय त्या वेळी अधिक असावे, म्हणून वाद आहे. मागील तरुण हा उर्बिनोचा ड्यूक ग्विदोबाल्दो असे बहुतेक मानतात, कारण ‘सुम्मा’ त्यालाच अर्पण केलेला आहे. एका अभ्यासकाने तो जर्मन चित्रकार ड्यूरर असल्याचे सुचवले. एकूण काय, चित्रकार वादग्रस्त, तरुण वादग्रस्त. निश्चित ओळख एकाच व्यक्तीची, आणि नेमकी तिच्याखालीच चुकीची ओळ.

पाचोलीचा आणखी एक चेहरा दाखवला जातो. मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात पिएरो देल्ला फ्रान्चेस्का याचे १४७० च्या दशकातील भव्य वेदीचित्र आहे. मेरीच्या पुढ्यात चिलखत घातलेला ड्यूक फेदेरिको, म्हणजे ग्विदोबाल्दोचा पिता, गुडघे टेकून बसला आहे, आणि मागे उभ्या असलेल्या संतांपैकी पीटर मार्टर या संताला पाचोलीची चर्या दिली आहे, अशी परंपरा सांगते. तिला लेखी पुरावा नाही. पीटर मार्टर हा डॉमिनिकन पंथाचा, पाचोली फ्रान्सिस्कन पंथाचा. तरीही जनक म्हटला की त्याचे तरुणपणीचे चित्र हवेच, या हौसेने ही ओळख ग्रंथाग्रंथांतून फिरत राहिली आहे.

पाचोलीवर येथे अन्याय करण्याचे कारण नाही. हिशेबाच्या बाबतीत तो स्वतः प्रामाणिक होता. आपण व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची रीत सांगत आहोत, असे त्याने स्वच्छ लिहिले. १४४७ च्या सुमारास बोर्गो सान सेपोल्क्रो या गावात जन्मलेला हा माणूस तरुणपणी व्हेनिसच्या एका व्यापाऱ्याच्या मुलांना शिकवण्यास राहिला होता. पेढीवर वह्या कशा लिहितात हे त्याने तेथे पाहिले आणि पुढे ते छापखान्याच्या हवाली केले. त्याचे खरे पुण्य हेच. विद्वानांच्या लॅटिनऐवजी लोकांच्या इटालियन भाषेत आणि नव्या मुद्रणकलेच्या साह्याने त्याने पेढीवरील गुपित बाजारात आणले. हे थोडे नाही. पण याला प्रसार म्हणतात, जनन नव्हे.

मग जन्म कोठे झाला? फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्यांची एक पेढी दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांतात होती. जोव्हान्नी फारोल्फी याच्या नावाने ती चाले. तिच्या १२९९–१३०० या वर्षांच्या खतावणीचा काही भाग टिकून आहे आणि त्यात द्विनोंदी पद्धती जवळजवळ पूर्णत्वाने दिसते. ती वही लिहिणाऱ्याचे नावही ठाऊक आहे: आमातिनो मानुच्ची. जेनोआ नगरराज्याच्या कारभाऱ्यांच्या १३४० च्या वह्या तर अभ्यासकांनी कधीच नोंदवल्या आहेत. म्हणजे पाचोलीच्या ग्रंथापूर्वी दीडशे ते दोनशे वर्षे ही रीत नित्याच्या वापरात होती. इतकेच काय, तिच्यावर लेखन करण्यातही पाचोली पहिला नव्हता. रागुझा म्हणजे आजचे दुब्रोव्हनिक, तेथील व्यापारी बेनेदेत्तो कोत्रुल्यी याने १४५८ मध्ये व्यापारावरील आपल्या ग्रंथात तिचे वर्णन केले होते. ते हस्तलिखित छापले गेले १५७३ मध्ये, आणि तोवर बाजार दुसऱ्याच्या नावाने उठला होता.

मानुच्चीचे चित्र नाही. जेनोआच्या त्या कारकुनांची चित्रे नाहीत. ज्यांनी दिवसभर बोरू झिजवून एका व्यवहाराच्या दोन बाजू दोन खाती लिहिण्याची शिस्त घडवली, त्यांना कोणत्याही ड्यूकने आपल्या पुढ्यात उभे करून रंगवून घेतले नाही. चेहरा उरला तो त्यांची रीत लिहून घेणाऱ्या आचार्याचा, आणि पितृत्व त्याच्या खाती जमा झाले.

पाचोलीच्या प्रामाणिकपणालाही एक डाग आहे, आणि तो चित्रकलेच्या इतिहासातच सापडतो. चित्रकारांची चरित्रे लिहिणाऱ्या वासारीने १५५० मध्ये पाचोलीवर उघड आरोप केला की, याने आपला गुरू आणि गाववाला पिएरो देल्ला फ्रान्चेस्का याचे गणित चोरून स्वतःच्या नावावर छापले. पिएरो चित्रकार म्हणून थोर होताच, पण तो गणितीही होता. व्हॅटिकनच्या ग्रंथालयातील पिएरोचे पाच नियमित घनाकृतींवरील लॅटिन हस्तलिखित उजेडात आल्यावर दिसून आले की, पाचोलीच्या १५०९ मधील ‘दिव्य प्रमाण’ या ग्रंथाचा तिसरा भाग म्हणजे त्याचेच इटालियन भाषांतर आहे, आणि त्यावर पिएरोचे नाव नाही. याच ग्रंथासाठी घनाकृतींची रेखाटने लिओनार्दो दा विंचीने केली, हे मात्र सर्वांना ठाऊक असते. पाचोलीने अन्यत्र पिएरोचा तोंडभर गौरव केला आहे, आणि त्या काळात उसनवारीचे नियम आजच्यासारखे कडक नव्हते, असे त्याचे चाहते म्हणतात. म्हणोत बापडे. पण ज्याच्या नावाने जगभर नोंदीच्या शिस्तीचे पाठ दिले जातात, त्याच्या स्वतःच्या वहीत मूळ धनकोचे नाव लिहायचे राहून गेले, ही गोष्ट विद्यार्थ्यांपासून लपवून का ठेवली जाते?

पितृत्व बहाल झाले ते चित्रापासून पावणेचारशे वर्षांनी. १५१७ मध्ये पाचोली निवर्तला. त्याची हिशेबपद्धती पुढच्या लेखकांनी उचलली आणि त्याला विसरून गेले. १८६९ मध्ये मिलान येथे लेखापालांच्या सभेत लुक्किनी या प्राध्यापकाच्या व्याख्यानाच्या निमित्ताने त्याच्या ग्रंथाकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. १८७८ मध्ये त्याच्या गावाने संगमरवरी शिळा बसवली, आणि ३७० वर्षांच्या मौनाची लाज वाटून आपण ही शिळा बसवत आहोत, असा कबुलीजबाब तिच्यावर कोरला. त्या गावाच्या मनाच्या मोठेपणाला दाद दिलीच पाहिजे. परंतु हा काळ कोणता होता? १८५४ मध्ये एडिंबरोच्या लेखापालांना राजाज्ञेची सनद मिळाली होती, १८८० मध्ये इंग्लंड आणि वेल्सच्या लेखापालांना मिळाली. कालपर्यंत कारकून गणला गेलेला वर्ग वकील-वैद्यांच्या पंक्तीला बसू पाहत होता. अशा वर्गाला पूर्वज लागतो, आणि तो देखणा लागतो. ड्यूकच्या सान्निध्यात उभा असलेला, लिओनार्दोचा मित्र, गणिताचा आचार्य, शिवाय साधू! याहून सोयीचा पूर्वज कोठून मिळणार? मानुच्ची नावाचा एक परगावच्या पेढीवरचा वहीलेखक भिंतीवर टांगून काय शोभा येणार होती? पुढे १९९४ मध्ये ‘सुम्मा’ला पाचशे वर्षे झाली तेव्हा इटलीने पाचोलीच्या स्मरणार्थ पाचशे लिऱ्यांचे नाणेही काढले. युरोच्या आगमनाने लिरा गेला, पदवी राहिली.

चेहराच हवा असेल तर खऱ्या हिशेबनिसाचा चेहराही कलेच्या इतिहासात आहे. जर्मनीतील आउग्सबुर्ग येथील फुग्गर घराण्याची पेढी युरोपातील सम्राटांना कर्ज देत असे. तिचा मुख्य हिशेबनीस मात्थेउस श्वार्त्स, जन्म १४९७. त्याने तरुणपणी व्हेनिसमध्ये हिशेब शिकला आणि १५१८ मध्ये हिशेबाच्या पद्धतींवर हस्तलिखितही तयार केले. या गृहस्थाला कपड्यांचा विलक्षण शौक. १५२० पासून पुढे चाळीस वर्षे त्याने निरनिराळ्या पोशाखांतील आपली १३७ चित्रे काढवून घेऊन त्यांचे एक पुस्तकच केले. ते आज जर्मनीतील ब्राउनश्वाइगच्या संग्रहालयात आहे. त्यातील एका चित्रात श्वार्त्स मेजाशी बसून वही लिहीत आहे, समोर मालक याकोब फुग्गर उभा आहे, आणि मागच्या कपाटाच्या खणांवर रोम, व्हेनिस, लिस्बन अशा शाखांची नावे आहेत. पेढीवरच्या लेखनाचे इतके बोलके चित्र त्या काळातले दुसरे क्वचितच असेल. माद्रिदमध्ये आम्बेर्गरने १५४२ साली रंगवलेले त्याचे प्रौढ वयातील चित्रही आहे. तरी पाठ्यपुस्तकांत श्वार्त्स नाही. का नाही? तो नोकर होता. नोकरांना जनक म्हणत नाहीत.

युरोपच्या घरातील हा हिशेब युरोपने पाहून घ्यावा, असे कोणी म्हणेल. तसे म्हणता येत नाही, कारण नेपल्सच्या त्याच चित्रात भारताची नोंद आहे. पाचोलीच्या पाटीवर आकृतीच्या एका बाजूस एक साधी बेरीज मांडलेली आहे: ४७८, ९३५, ६२१ आणि खाली २०३४. संपूर्ण चित्रात हिशेब म्हणावा असा एवढाच. आणि तो रोमन अक्षरांत नाही. दशमान स्थानाच्या अंकांत आहे. ते अंक युरोपला कोणी दिले? पिसाचा लिओनार्दो, ज्याला जग फिबोनाची म्हणते, त्याने १२०२ मधील आपल्या ग्रंथाच्या आरंभीच हे नऊ अंक भारतीयांचे असल्याचे निःसंदिग्धपणे नोंदवले आहे. उत्तर आफ्रिकेतील बुजिया बंदरात त्याचा पिता व्यापाऱ्यांच्या कामासाठी नेमलेला होता, तेथे तो ते शिकला. त्याआधी बगदादच्या अल्-ख्वारिझ्मीने भारतीय गणनपद्धतीवर ग्रंथ लिहिला होता. अरब आजही आपल्या अंकांना ‘हिंदी’ अंक म्हणतात. ज्यांच्या हातून ते अंक गेले त्यांनी मूळ मालकाचे नाव कायम राखले, आणि ज्यांनी ते घेतले त्यांनी त्यांना ‘अरबी’ म्हणून खाते बंद केले! पाचोलीने ‘सुम्मा’मध्ये पिसाच्या लिओनार्दोचे ऋण मान्य केले आहे. लिओनार्दोने भारताचे मान्य केले आहे. ही साखळी तुटली ती पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांच्या हातून.

या अंकांचे युरोपात स्वागत कसे झाले हेही सांगितले पाहिजे. १२९९ मध्ये, म्हणजे मानुच्ची आपली वही लिहीत होता त्याच वर्षी, फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशेबाच्या वह्यांत हे अंक वापरण्यास मनाई केली. खाडाखोड करून आकडे सहज बदलता येतील, ही त्यामागची शंका सांगितली जाते. इटालियन पेढ्यांच्या सुरुवातीच्या अनेक वह्या त्यामुळे रोमन अंकांतच लिहिलेल्या आढळतात. तेव्हा भारतीय अंकांमुळेच द्विनोंदी पद्धती जन्मली, असा दावा कोणी करू नये. तो टिकणार नाही. पण दोनशे वर्षांनी तेच अंक लेखाशास्त्राच्या तथाकथित जनकाच्या पाटीवर शांतपणे बसलेले दिसतात, हा काळाने घेतलेला सूड म्हणावा लागेल.

आणि आपल्या बाजूस काय आहे? चेहरे नाहीत. ब्रह्मगुप्ताने वयाच्या तिसाव्या वर्षी, इसवी सन ६२८ मध्ये, ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ रचला आणि धन, ऋण व शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे, गुणाकाराचे नियम सांगितले. संपत्ती आणि कर्ज हे दोन्ही अंकांनीच व्यक्त व्हावेत, हा विचार त्या शब्दांतच आहे. त्याचा चेहरा आपल्याला ठाऊक नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दुसऱ्या अधिकरणात अक्षपटल या राजकीय हिशेबखात्याचे प्रकरण आहे. आषाढ महिन्यात अधिकाऱ्यांनी मोहोरबंद हिशेब घेऊन हजर व्हावे, विलंबाला आणि विसंगतीला दंड व्हावा, असे तेथे सांगितले आहे. शेजारच्याच प्रकरणात सरकारी धनाच्या अपहाराचे चाळीस प्रकार मोजून दिले आहेत. आजच्या लेखापरीक्षकानेही थक्क व्हावे असे ते प्रकरण वाणिज्याच्या किती विद्यार्थ्यांनी उघडले असेल? कौटिल्याची जी चित्रे आपण पाहतो ती सर्व अलीकडच्या चित्रकारांच्या कल्पनेतील आहेत. आपल्या परंपरेने ग्रंथ राखला, रीत राखली, कर्त्याची छबी राखली नाही. त्यात काही चुकले असे नव्हे. पण ज्या जगात श्रेयाचे वाटप चित्रे पाहून होते, तेथे या अनासक्तीची किंमत मोजावी लागते.

मराठी माणसाला तर दूर जाण्याचेही कारण नाही. रोजकीर्द आणि खतावणी हे शब्द पाठ्यपुस्तकांनी घडवले नाहीत, ते पेढ्यांवरून आणि दप्तरांतून आले. लाल कापडी बांधणीची वही, पहिल्या पानावर ‘श्री’, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिच्यावर वाहिलेली हळद-कुंकवाची बोटे, हे दृश्य अनेक घरांतील वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे. गंमत अशी की, पाचोलीही व्यापाऱ्याला हिशेबाच्या आरंभी देवाचे नाव लिहावयास आणि पहिल्या वह्यांवर क्रुसाची खूण करावयास सांगतो. त्याचे ते वाक्य युरोपीय लेखक व्यापारी नीतीचा उदात्त नमुना म्हणून सांगतात, आणि आपल्याकडील शहाणे वहीपूजनाकडे अंधश्रद्धा म्हणून बोट दाखवतात. एकाच कृतीच्या दोन नोंदी, आणि त्याही परस्परविरुद्ध!

आपल्याकडेही एका हिशेबखात्याच्या प्रमुखाचा चेहरा समकालीन चित्रात उरला आहे. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९० च्या दशकात पुण्यात आला, तेव्हा त्याने सवाई माधवरावांसह नाना फडणीसांचे चित्र रंगवले. ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. फडणीस हे मूळचे आडनाव नव्हे, ते दप्तराचे आणि हिशेबाचे पद. साडेतीन शहाण्यांपैकी एक, मुत्सद्दी, कारस्थानी, अशी नानांची सगळी विशेषणे शाळेत शिकवली जातात. परंतु मराठी राज्याची जमाखर्चाची यंत्रणा ज्याच्या हाताखाली चालत होती तो हा माणूस, असे वाणिज्याच्या एकाही वर्गात सांगितले जात असेल काय?

येथे आपल्याच घरातील एका सवयीचाही समाचार घेतला पाहिजे. पाचोलीचे नाव निघाले की काही उत्साही मंडळी तत्काळ म्हणतात, द्विनोंदी पद्धती मुळात आमचीच, इटालियनांनी ती येथून नेली. १९८६ मध्ये ‘अबॅकस’ या लेखाशास्त्राच्या नियतकालिकात बी. एम. लाल निगम यांनी भारतीय बहीखात्याची द्विनोंदी रीत पाचोलीपूर्वीची असल्याचे मांडले. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात क्रिस्टोफर नोब्स यांनी त्या मांडणीतील पुराव्याला आव्हान दिले. त्यानंतरच्या साडेतीन-चार दशकांत आपण काय केले? निगम यांचे नाव भाषणांत घेतले, नोब्स यांचे टाळले. फारोल्फीच्या खतावणीसमोर तितक्याच जुन्या काळातील भारतीय खतावणीचे पान ठेवण्याचे काम कोणी अंगावर घेतले नाही. दाव्याला टाळ्या मिळतात, वहीला वेळ लागतो. पाश्चात्त्यांनी पुराव्यावाचून पितृत्व बहाल केले म्हणून आपणही पुराव्यावाचून ते हिसकावून घेऊ, यात कसला स्वाभिमान? मोहोरबंद हिशेब मागणाऱ्या कौटिल्याने असा दावा दारातूनच परत पाठवला असता.

भारतीय सनदी लेखापालांची संस्था १९४९ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिच्या बोधचिन्हासाठी कोणाही परदेशी जनकाची छबी घेतली गेली नाही. गरुड घेतला गेला आणि श्रीअरविंदांनी सुचवलेले कठोपनिषदातील वचन घेतले गेले. सारे झोपले असता जो जागा असतो त्याच्याविषयीचे ते वचन. त्या पिढीला आपल्या व्यवसायाचे मूळ कोठे शोधावे याची जाण होती. त्याच व्यवसायाची प्रवेशिका ठरणाऱ्या पुस्तकांत मात्र पंचाहत्तर वर्षांनंतरही जनकाची तीच ओळ आहे.

ती ओळ बदलण्यास फार मोठे धाडस लागत नाही. पाचोलीचे चित्र काढून टाकण्याचीही गरज नाही. उलट ते मोठे, रंगीत आणि पाटीवरची बेरीज वाचता येईल असे छापावे. खाली लिहावे: ‘लुका पाचोली, गणिती. इटालियन व्यापाऱ्यांची द्विनोंदी रीत याने १४९४ मध्ये प्रथम छापून प्रसिद्ध केली. पाटीवरील अंकपद्धती मूळची भारतीय.’ शेजारच्या पानावर आमातिनो मानुच्चीचे नाव यावे, श्वार्त्सचे वही लिहितानाचे चित्र यावे, आणि पेशवे दप्तरातील रोजकीर्दीचे एक मोडी पान बाळबोध लिप्यंतरासह यावे. ते पान पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. तेथे रुमालांत बांधलेले असे हजारो कागद मोडी वाचू शकणाऱ्या आणि त्याच वेळी हिशेबही समजणाऱ्या माणसाची वाट पाहत आहेत. मोडी शिकवणारे वर्ग आहेत, लेखापाल तर गल्लोगल्ली आहेत. दोन्ही गोष्टी एका माणसात एकत्र आलेल्या मात्र क्वचितच दिसतात.